पंचवीस घरीं, पांच हातीं

एकत्र कुटुंबांत मिळवत्या मुलाचें वेतन प्रथम वडिलांच्या हातीं जातें, यांत आपणांस नवल वाटणार नाहीं. परंतु व्यक्तिस्वातंत्र्याचा डांगोरा पिटणाऱ्या अमेरिकेंत खुद्द सरकारनेंच असा नियम केला होता, हें वाचून मी क्षणभर थबकलों.

१९२९ नंतरच्या मंदीनें त्या देशांत लक्षावधि लोक बेकार झाले. १९३३ सालीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ नांवाचें श्रमपथक उभारलें. त्यांत प्रारंभीं १८ ते २५ वयाचे, गरजू घरचे अविवाहित तरुण घेत. अन्न, वस्त्र, निवारा सरकारचा. वेतन दरमहा ३० डॉलर. त्यांतील २५ परस्पर घरीं रवाना होत, हातखर्चास पांच उरत. १९४२ पर्यंत सुमारें ३० लक्ष तरुण या पथकांतून गेले, आणि हजारों निरक्षर तेथील वर्गांत लिहावाचावयास शिकले. (शाळामास्तराची दृष्टि आधीं तिकडे जाते, त्यास इलाज नाहीं.)

केंटकी संस्थानांतील मॅमथ गुहेपाशीं या पथकाच्या चार छावण्या होत्या. ही जगांतील सर्वांत लांब ज्ञात गुहा. आजवर ४०० मैलांहून अधिक मार्ग मोजले गेले आहेत. या मुलांनीं गुहेंतील पाऊलवाटा सुधारल्या, बाहेर रस्ते व इमारती बांधल्या, झिजलेल्या शेतजमिनींवर झाडें लावलीं. आणखीहि एक काम केलें. तें सांगतांना लेखणी अडखळते. राष्ट्रीय उद्यानाकरितां शेंकडों कुटुंबांच्या जमिनी घेतल्या गेल्या होत्या. त्यांचीं रिकामीं घरें आणि कुंपणें याच मुलांनीं पाडलीं. एका गरिबाच्या घरीं पंचवीस डॉलर पोंचावे म्हणून दुसऱ्या गरिबाचें घर उतरावयाचें! आज तेथें कांहीं जुनीं प्रार्थनामंदिरें आणि पुष्कळशा दफनभूमी तेवढ्या उरल्या आहेत.

चार छावण्यांपैकीं एक कृष्णवर्णीयांची होती. कायद्यांत वर्णावरून भेद करूं नये असें स्पष्ट लिहिलें होतें. तरी बिऱ्हाड निराळें तें निराळेंच. पंक्तिभेद म्हणजे काय, हें आपल्या घरांतून कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. तेव्हां परक्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आणि ती गुहा जगास दाखविली कोणीं? १८३८ सालीं स्टीफन बिशप या गुलाम वाटाड्यानें तेथील ‘अथांग गर्ता’ ओलांडली. पलीकडचे मार्ग धुंडाळून १८४२ सालीं त्यानें गुहेचा नकाशा स्मरणानें काढला. त्याच्या बरोबरीचे मॅट व निक ब्रॅन्सफर्ड हेहि गुलामच. ब्रॅन्सफर्ड घराण्यानें पुढें पिढ्यान् पिढ्या प्रवाशांस वाट दाखविली. मात्र १ जुलै १९४१ रोजीं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, त्या सुमारास ही परंपरा खंडित झाली. नव्या चाकरींत त्यांस स्थान मिळालें नाहीं. ज्या वाटा कृष्णवर्णीय मुलांनींहि श्रमून नीट केल्या, त्यांवर वाटाड्या म्हणून त्यांच्याच जातभाईंस मज्जाव!

त्या घराण्यांतील एक वंशज पुनः हातांत दिवा घेऊन प्रवाशांपुढें चालूं लागला, तें २००४ सालीं.