अडचण सोडवल्याचा एक प्रसंग सांगा

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि आमच्याकडे चकलीची भाजणी दळून आली होती. अशा वेळी मी स्वयंपाकघरापासून सुरक्षित अंतरावर वर्तमानपत्र उघडून बसतो. इतक्यात धाकट्या बहिणीची मुलगी आली आणि चपला काढता काढताच तिने विचारले,

“मामा, तुम्ही आयुष्यात एखादी अवघड अडचण सोडवली आहे का हो?”

मी उत्तर जुळवतो आहे तोच आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “त्यांनी पुष्कळ अडचणी उभ्या केल्या आहेत. सोडवण्याचं खातं माझ्याकडे!”

भाचीला हसू आले नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे ती तीन वर्षे हिशेब सांभाळीत होती. सोमवारी तिला एका मोठ्या कंपनीत मुलाखतीला जायचे होते. पगार जवळजवळ दीडपट. आमच्या मेहुण्यांचे कापडाचे दुकान २०२१ साली बंद पडले, तेव्हापासून घराच्या कर्जाचे हप्ते याच मुलीच्या पगारातून जात होते. आधीच्या एका मुलाखतीत साहेबांनी विचारले होते, “तुम्ही अडचण सोडवल्याचा एखादा प्रसंग सांगा.” ही गप्प बसली आणि नोकरी गेली.

“या खेपेला मात्र तयारी केली आहे,” ती म्हणाली. फोनमधल्या त्या सर्वज्ञ यंत्राने तिला उत्तर लिहून दिले होते. ते तिने शाळेतल्या कवितेसारखे म्हणून दाखवले, “माझ्या दोन सहकाऱ्यांमध्ये तीव्र मतभेद झाले होते. मी दोघांची बाजू शांतपणे ऐकून घेतली आणि सुसंवादातून मार्ग काढला.”

मी चष्मा नाकावर घेतला आणि साहेब झालो. “मतभेद कशावरून झाले?”

“म्हणजे... कामावरून.”

“कोणत्या कामावरून?”

“ते यात लिहिलेलं नाही.”

“बरं. तुमच्या कचेरीत माणसं किती?”

“मी आणि शेठजींचा पुतण्या.”

“मग दुसरा सहकारी कोण?”

ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, “एक मांजर आहे.”

आता मात्र आम्ही दोघेही हसलो. पण हसता हसता मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती काही हसण्यासारखी नव्हती.

१९९६ साली आमच्या कचेरीत भांडारपालाची जागा भरायची होती आणि निवड समितीत मी होतो. शेवटी दोन उमेदवार उरले. हाच प्रश्न आम्ही दोघांनाही विचारला. पहिला म्हणाला, “मी अडचणीला अडचण मानतच नाही, मी तिला संधी मानतो.” कोटाची इस्त्री कडक आणि आवाज आकाशवाणीवर शोभावा असा. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या.

दुसरा घाबरलेला होता. पूर्वीच्या जागी पावसाळ्यात गोदामातल्या सिमेंटच्या गोण्या ओल्या होत असत, असे त्याने सांगितले. त्याला वाटले छप्पर गळते, म्हणून त्याने पत्रे दुरुस्त करून घेतले. तरी गोण्या ओल्याच. मग त्याच्या ध्यानात आले की, भिजतात त्या फक्त तळच्या आणि भिंतीला टेकलेल्या गोण्या. म्हणजे ओल वरून नव्हे, जमिनीतून आणि भिंतीतून येत होती. त्याने खाली लाकडी फळ्या घातल्या, भिंतीपासून हातभर जागा सोडली, आणि ओल थांबली. “पण त्या वर्षीचा माल गेला तो गेलाच, साहेब,” तो खाली बघत म्हणाला. “पहिल्यांदा माझंच चुकलं.”

आम्ही पहिल्याला घेतले. दुसऱ्याच्या कागदावर शेरा पडला, ‘आत्मविश्वासाचा अभाव’. अक्षर माझे होते.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या गोदामातल्या तळच्या गोण्यांचे दगड झाले. नव्या भांडारपालांनी त्यावर तीन पानी अहवाल लिहिला. अहवाल मात्र सुरेख होता.

निवृत्त झाल्यावर या प्रश्नाचे मूळ मी शोधीत गेलो. १९४१ साली अमेरिकेच्या लष्करी विमानविद्येच्या शाळांतून जे शिकाऊ वैमानिक काढून टाकले गेले, त्यांपैकी एक हजार जणांच्या बाबतीत दिलेली कारणे मानसशास्त्रज्ञांनी पुढे तपासली. शिक्षकांनी लिहिले होते, ‘उपजत कौशल्य नाही’, ‘स्वभाव योग्य नाही’, ‘निर्णयशक्ती कमी’. त्यावरून मुलाने नेमके काय केले किंवा काय केले नाही, हे कोणालाच कळेना! वाचताना मला माझेच अक्षर दिसू लागले. या कामाचे सूत्रधार जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की, माणसाला विशेषणे लावू नका. प्रत्यक्ष घडलेला प्रसंग विचारा आणि त्यात त्याने काय केले ते टिपून घ्या. मुलाखतीतला आजचा हा प्रश्न त्याच घराण्यातला आहे.

मी भाचीला म्हटले, “साहेबांना तुझा पराक्रम नको असतो. तुझं डोकं कोणत्या वाटेने चालतं, ते त्यांना पाहायचं असतं. गेल्या वर्षभरात तुझी झोप कधी उडाली होती, ते सांग.”

बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, “मार्चमध्ये. बँकेचा आणि आमच्या वहीचा मेळ बसेना. २७० रुपयांचा फरक येत होता. महिन्याच्या चारशेवर नोंदी. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी बाबांना विचारलं. ते म्हणाले, फरकाला नवाने भाग जातो का बघ.”

दुकानदारी केलेल्या माणसाचे हे शहाणपण! एखाद्या रकमेतल्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर फरकाला नवाने निःशेष भाग जातो. इथे तर नव्वदाने भागले की बरोबर ३ येत होते. म्हणजे शेजारशेजारच्या दहं आणि शतं या घरांतले, एकमेकांत तिनाचे अंतर असलेले अंक उलटे पडले असण्याचा संभव. चारशे नोंदी चाळण्याऐवजी तिने तेवढ्याच पाहिल्या. एका औषधवाल्याचे ३,६९० रुपये जमा झाले होते. वहीत ३,९६० पडले होते. त्या दिवसापासून ती महिनाअखेरची वाट न पाहता रोज संध्याकाळी मेळ घालते. तीन संध्याकाळींचे काम अर्ध्या तासावर आले.

“अगं, मग हेच सांग की!”

“कसं सांगू? ती नोंद मीच चुकीची केली होती. शिवाय युक्ती बाबांची.”

याच वेळी सौभाग्यवती हातात ताटली घेऊन बाहेर आल्या. ताटलीत चकलीचा नुसता चुरा होता. “मोहन जास्त झालं,” त्या म्हणाल्या. “तेलात एकच सोडून पाहिली, ती विरघळली. आता उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मळून घालते.” आणि त्या परत आत गेल्या. मोहन कोणी जास्त घातले हे त्यांनी लपवले नाही आणि त्याचा शोकही केला नाही.

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी वही पुढे ओढली.

अशा उत्तराचे चार भाग करण्याची रीत आहे. प्रसंग काय होता, त्यात तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केलेत, आणि निष्पन्न काय झाले. इंग्रजी आद्याक्षरे जोडून मंडळी तिला ‘स्टार’ म्हणतात. पहिल्या दोन भागांना चार वाक्ये पुरतात; खरा ऐवज तिसऱ्यात. तिथे ‘आम्ही केले’ असे मोघम बोलू नये. आपण काय केले, दुसऱ्याने काय सुचवले, पहिला कोणता मार्ग फसला, हे वेगवेगळे सांगावे. निष्पत्ती आकड्यात सांगता आली तर उत्तम, पण आकडा खरा असावा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. आणि शेवटी, पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय बदलले, ते अवश्य सांगावे. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली उदाहरणे सोडवण्याच्या ज्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यांतली शेवटची हीच आहे. उत्तर आल्यावर मागे वळून पाहा. आपण बहुतेक जण उत्तर आले की वही मिटतो.

सोमवारी ती गेली. तिने सारे सांगितले. “चूक कोणाची होती?” असे विचारताच “माझी” म्हणाली. दिवाळी संपल्यावर नकाराचे पत्र आले. दोन दिवस मी बहिणीच्या घरी फोन करायचे टाळले, हेही कबूल करतो. बाबांच्या युक्तीचा उल्लेख गाळायला हवा होता का, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

जानेवारीत दुसरीकडून बोलावणे आले. “आता काय सांगू?” तिने विचारले. मी काही बोलण्याआधीच मेहुणे म्हणाले, “जे झालं तेच.” तिथल्या बाईंनी सारे ऐकून घेतले, कागदावर २७० लिहून स्वतः नव्वदाने भागून पाहिले आणि विचारले, “तुमचे वडील सध्या काय करतात?” फेब्रुवारीत ती तिथे रुजू झाली.

तो भांडारपाल मला पुढे कधी भेटला नाही. त्याचे नाव मला आठवते. ते इथे लिहीत नाही. आज तोही निवृत्तीच्या आसपास आला असेल. माझ्याच सहीचा तो शेरा पुसण्याची युक्ती मात्र मला अजून सापडलेली नाही.

यंदाही भाजणी दळून आली आहे. आतून हाक आली आहे, पहिली चकली तेलात सोडली, बघायला या म्हणून. येतो.