सेन्सिटिव्हिटी कमी करण्याआधी

१८८१च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू शोधणारा आपला ‘इंडक्शन बॅलन्स’ घेऊन गेले. २६ जुलैच्या पहिल्या खेपेला यंत्र नुसतेच खरखरले. एक कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता. १ ऑगस्टला जोडणी बरोबर होती, पण आवाज भलत्याच मोठ्या भागावर येत राहिला. गादीखाली पोलादी तारा होत्या, हे बेल यांना नंतर कळले.

आपल्या बिस्किटांच्या नि मसाल्यांच्या लाइनवरच्या मेटल डिटेक्टरबाबत अजून हेच चालू आहे: गोंधळ आसपासच्या गोष्टींचा, आणि दोष यंत्राला. रात्रपाळीत खोटे रिजेक्ट वाढले की कोणीतरी सेन्सिटिव्हिटी दोन आकडे खाली आणतो. डिटेक्टर गप्प, सुपरवायझर खूश. सकाळी तेच मशीन स्टेनलेसचा टेस्ट पीस बिनबोभाट पुढे सोडते.

डिटेक्टरची मधली कॉइल चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, दोन्ही बाजूंच्या कॉइल उलट्या जोडलेल्या असल्याने एकमेकींचे व्होल्टेज खोडतात, आणि उरलेला इवलासा फरक आपण वाढवून वाचतो. त्यामुळे बाहेरचा गोंगाटही तितकाच वाढतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) काही किलोहर्ट्झने स्विच होत असला तरी त्याचे हार्मोनिक्स शेकडो किलोहर्ट्झपर्यंत पोचतात, आणि डिटेक्टर तिथेच कान लावून बसलेला असतो.

म्हणून सेन्सिटिव्हिटीला हात लावण्याआधी पट्टा थांबवा, डिटेक्टरचा बोगदा रिकामा ठेवा. तरीही सिग्नल नाचत असेल, तर शेजारचे ड्राइव्ह एकेक करून बंद करा. पट्टा सुरू केल्यावरच नाचत असेल, तर दोष त्याच्याच ड्राइव्हचा किंवा फ्रेममधल्या लूपचा, म्हणजे धातूच्या बंद वर्तुळाचा. रोलरच्या फेऱ्याबरोबर ठोका पडतो का, ते पाहा. पडत असेल, तर ढिल्या बोल्टमधून किंवा बेअरिंगमधून धातूचे वर्तुळ जुळते-तुटते आहे. रोलर एका टोकाला इन्सुलेट करा, फ्रेमचे जोड शक्यतो वेल्ड करा.

ड्राइव्हच्या बाबतीत माझा पहिला संशय मोटर केबलच्या शिल्डवर असतो. शिल्ड पिळून केलेली शेपटी अर्थ बारला बांधलेली आपल्याकडे सर्रास दिसते. मल्टिमीटरवर ती निर्दोष ठरते. उच्च फ्रिक्वेन्सीला मात्र तिचा इंडक्टन्स आडवा येतो. शिल्ड चहूबाजूंनी धरणारे ग्लँड ड्राइव्ह आणि मोटर, दोन्ही टोकांना हवेत. डिटेक्टरचा सप्लायही स्वतंत्र घ्या, आणि त्याच्या केबल मोटरच्या ट्रेमधून नेऊ नका.

एका मसाल्याच्या कारखान्यात आम्ही डिटेक्टरची कार्डे बदलत बसलो होतो. अशीच एक शेपटी कापून ग्लँड बसवला, तेव्हा मशीन शांत झाले. काढून ठेवलेली कार्डे सगळी चांगली निघाली.