फुटबॉलवर पोट भरणें

"खेळून कोणाचें पोट भरलें आहे?" हा प्रश्न आमच्या पालकवर्गाकडून जितक्या वेळां ऐकूं येतो, तितका दुसरा क्वचितच येत असेल. तो रागाचा नसतो, काळजीचा असतो. म्हणून त्याला थट्टेनें उत्तर देणें बरें नव्हे. वरच्या वर्गांत दरवर्षीं एक-दोन मुलें अशीं निघतातच, कीं ज्यांचें अर्धें चित्त पुस्तकांत व अर्धें मैदानावर असतें. आणि अलीकडे त्यांतला एखादा सरळ सांगतो कीं आपण फुटबॉलचाच धंदा करणार. अशा मुलापुढें मेस्सीचें उदाहरण ठेवणें ही फसवणूक होय, आणि "उपाशी मरशील" असें भय घालणें हा अन्याय होय. त्याला दाखवावयाचाच तर मधल्या योग्यतेचा, आज या संघांत तर उद्यां त्या संघांत जाऊन आपली भाकरी मिळविणारा खेळाडू दाखवावा.

असा एक खेळाडू आपल्याच महाराष्ट्रांतला आहे. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा, जन्म २००० सालचा. वडील रिक्षा चालवीत. कोल्हापुरास फुटबॉलचें वेड जुनें आहे. तेथें तालमींच्या नांवांचे संघ असून शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. हा मुलगा तेथून पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनींत गेला व निवड होत होत देशाच्या संघांत आला. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत भरला. ६ ऑक्टोबर रोजीं दिल्लीस अमेरिकेशीं पहिला सामना झाला, तेव्हां हा रिक्षावाल्याचा मुलगा आपल्या पुढच्या फळींत उभा होता. तो सामना आपण ०–३ असा हरलों, मग कोलंबियाशीं १–२ व घानाशीं ०–४ असे हरलों. तिन्ही सामन्यांत मिळून आपला एकच गोल झाला, आणि तोही मधल्या फळींतील जॅक्सन सिंगनें कॉर्नरच्या चेंडूला डोकें लावून केला.

त्या वेळीं या मुलांचें देशभर कौतुक झालें. परंतु धंद्याची परीक्षा कौतुक ओसरल्यावर सुरू होते. अनिकेत प्रथम फेडरेशनच्या 'इंडियन ॲरोज' या तरुणांच्या संघांत खेळला. २०१९ सालीं जमशेदपूरच्या संघानें त्याला घेतलें. २०२१ सालीं तो हैदराबादेस गेला. जानेवारी २०२२ मध्यें हैदराबादनें ईस्ट बंगालवर चार गोल केले, त्यांतील एक याचा होता. त्याच हंगामाच्या अखेरीस, २० मार्च रोजीं, गोव्यांत केरळच्या संघाला पेनल्टींवर हरवून हैदराबादनें इंडियन सुपर लीग जिंकली. कोल्हापूर, पुणें, दिल्ली, जमशेदपूर, हैदराबाद, आणि वय अवघें एकवीस!

ईस्ट बंगालवरील बाकीचे तीन गोल ज्यानें केले, त्याची हकीकत याहूनही शिकण्यासारखी आहे. नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे हा सतराव्या वर्षीं, २००२ सालीं, मोठ्यांच्या विश्वचषकांत खेळला. पॅरिसच्या प्रसिद्ध संघांत तो वाढला. एवढ्यावरून कोणास वाटेल कीं पुढें हा जगज्जेता झाला असेल. तसें झालें नाहीं. फ्रान्स, संयुक्त अरब अमिरात, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, हॉलंड असा तो संघामागून संघ पालटीत फिरला, आणि २०१८ सालीं, इतर खेळाडू बूट खुंटीला टांगतात त्या वयांत, आपल्या देशांत आला. येथेंही चार हंगामांत चार संघ: गुवाहाटी, केरळ, मुंबई, हैदराबाद. मुंबईच्या संघाबरोबर त्यानें २०२१ सालीं लीग जिंकली. पुढच्याच वर्षीं हैदराबादसाठीं अठरा गोल करून तो सर्वांत अधिक गोल करणारा ठरला. वय सदतीस. त्याला कोणी मोठा म्हणो वा न म्हणो, वीस वर्षें हा मनुष्य आपल्या पायांवर जगला हें खरें.

पुढच्या फळींतील खेळाडूचा हिशेब सर्वांत कठोर असतो. बचाव करणाऱ्याची चूक दुसरा सांवरून घेतो, त्याचें चांगलें कामही पुष्कळदां कोणाच्या लक्षांत येत नाहीं. फॉरवर्डचें तसें नाहीं. त्याचे गोल शाळकरी पोरही बोटांवर मोजतें, आणि पांच-सहा सामने कोरडे गेले कीं मालकाची नजर दुसरीकडे वळते. त्यांत आपल्या देशांतील संघ गोल करण्याचें काम बहुधा परदेशी माणसाच्या हातीं देतात व आपल्या मुलाला बाजूच्या विंगवर सरकवितात. अनिकेतच्या वांट्यासही बहुतेक विंगच आली. माझ्या मतें ही आपल्या लीगची मोठी उणीव आहे: जो जागेवर उभाच राहत नाहीं, तो ती जागा शिकणार कसा?

"असे खेळाडू निष्ठावंत नसतात, पैसा दिसला कीं निघाले" असा आक्षेप कोणी कोणी घेतात. हा आक्षेप मला मुळींच मान्य नाहीं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गांवांतून दरवर्षीं माणसें मिरची तोडावयास तेलंगणांत जातात. एका वर्षीं एका शेतावर, दुसऱ्या वर्षीं दुसऱ्या. त्यांना आपण बेइमान म्हणतों काय? काम जेथें, तेथें माणूस. खेळाडूला मात्र आपण देवळांतल्या पुजाऱ्याचा नियम लावूं पाहतों. स्वतः सुनील छेत्री २०१३ सालीं बेंगळूरूस स्थिर झाला; त्यापूर्वीं तो मोहन बागान, फगवाड्याचा जे.सी.टी., ईस्ट बंगाल, गोव्याचा डेंपो, अमेरिका, पोर्तुगाल असा सर्वत्र हिंडला होता. त्यांपैकीं जे.सी.टी. संघ २०११ सालीं बंदच पडला.

आणि खरें पाहतां निष्ठेचा प्रश्न संघांना विचारला पाहिजे. पूर्वीं मुंबईंत टाटा, मफतलाल, बँका, रेल्वे यांचे संघ असत. १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रेलियावर तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा त्याच मुंबईच्या मैदानांवर घडला. तेथें खेळाडूला पैसा थोडा, पण नोकरी असे; गुडघा गेला तरी टेबलाशीं बसतां येई. ती व्यवस्था मागें पडून क्लबांचे दिवस आले. महिंद्र युनायटेडनें २००६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० सालीं मालकांनीं संघच मोडला. पुण्यांत तर पुणे एफ.सी., डी.एस.के. शिवाजियन्स व एफ.सी. पुणे सिटी असे तीन संघ उगवले आणि मावळले. पुणे सिटीची जागा २०१९ सालीं ज्यानें घेतली, तोच हा हैदराबादचा संघ. लीग जिंकल्यावर दोन वर्षांच्या आंत त्याचे पगार थकले, फिफानें नवे खेळाडू नोंदविण्यास त्याला बंदी केली, आणि २०२५ सालीं तो दिल्लीस जाऊन नव्या नांवानें उभा राहिला. त्याच सालीं लीग चालविण्याचा करार संपत आल्यामुळें सप्टेंबरांत सुरू व्हावयाचा सबंध हंगामच अडला व कित्येक खेळाडूंचे पगार रोखले गेले. अशा वेळीं कोण कोणाशीं बेइमान झालें?

तेव्हां पालकांनीं मुलास अडवावें काय? मी अडवूं नये असें म्हणेन, पण आंधळेपणानेंही सोडूं नये. तेंदूच्या फडावर शेकडा पुड्यांचा भाव ठरल्याशिवाय आपल्या बाया पानें तोडावयास जात नाहींत, आणि ठेकेदारानें पैसे बुडविल्याचा अनुभव ज्या गांवाला आला आहे, तेथील ग्रामसभा पुढल्या वर्षीं कागद नीट पाहते. तीच सावधगिरी येथें हवी. मुलाची निवड झाली असें सांगत कोणी आला, तर प्रथम विचारावें कीं तो कोणत्या शाळेच्या पटावर राहणार व दहावीची परीक्षा कोठून देणार. याचें उत्तर जो देऊं शकत नाहीं, त्याच्या हातीं मूल देऊं नये. खेळाडूंसाठीं सरकारी नोकऱ्यांत आपल्या राज्यांत पांच टक्के जागा राखीव आहेत. परंतु त्या नोकरीलाही शिक्षणाची अट असतेच, आणि हें मुलांना कोणी सांगत नाहीं. मुलींच्या बाबतींतही हेंच सारें लागू आहे. त्यांच्यापुढें तर संघ आणखी थोडे व पगार आणखी कमी.

कराराविषयींचे फिफाचे दोन नियम पालकांनीं लिहूनच ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलाचा करार तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करतां येत नाहीं. आणि दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूनें लेखी सूचना दिली, व त्यानंतर पंधरा दिवसांतही पैसे मिळाले नाहींत, तर करार मोडून निघण्याचा त्याला हक्क आहे. भारतांतील खेळाडूंनीं २००६ सालीं आपली संघटना काढली, तिच्याकडेही अशा वेळीं दाद मागतां येते. परंतु कराराचा कागद इंग्रजींत असतो. तो दुसऱ्याकडून न वाचवितां मुलाला स्वतः वाचतां यावा, एवढें इंग्रजी दहावीपर्यंत शिकविणें हें आम्हां शिक्षकांचें काम आहे. तें आम्ही करतों कीं नाहीं, हें पालकांनीं शाळेंत येऊन अवश्य विचारावें.