चालणे वगळलेला गोल्फ

मुलांच्या हाती व्हिडिओ गेम द्यावा की न द्यावा, हा प्रश्न बहुतेक घरांपुरता निकालात निघाला आहे. मोबाइल घरात आला तेव्हाच गेमही आले. आता पालकांच्या हाती उरले आहे ते इतकेच, की कोणता खेळ, किती वेळ आणि कोणाबरोबर हे ठरवणे. बंदुकीचे व मारामारीचे खेळ नकोत म्हणून पुष्कळ पालक क्रीडाप्रकारांवरचे खेळ निवडतात. त्यांत गोल्फचा खेळ अनेकांना पसंत पडतो. रक्तपात नाही, आरडाओरडा नाही, पडद्यावर हिरवळ आणि तळी आहेत, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना खेळता येतो. शिवाय "काही झाले तरी मैदानी खेळ आहे" असे एक समाधानही मनात असते. या समाधानातला खरा भाग किती आणि फसवा भाग किती, हे पालकांनी नीट समजून घ्यायला हवे.

आधी चांगली बाजू. गोल्फमध्ये एकाने टोला मारायचा आणि इतरांनी थांबायचे, असा क्रम असतो. त्यामुळे घरातली चार माणसे एकाच यंत्रावर आळीपाळीने खेळू शकतात. मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लागते. वारा कोणीकडून आहे, जमिनीला उतार किती, कोणती काठी घ्यावी, याचा विचार करूनच टोला मारावा लागतो. या खेळांची घडणही साधी आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८४ मध्ये काढलेल्या गोल्फमध्ये एक पट्टी सरकत असे. पहिल्यांदा बटण दाबले की काठी मागे जाई, दुसऱ्यांदा दाबले की जोर ठरे आणि तिसऱ्यांदा दाबले की नेम ठरे. तीच पद्धत पुढे कित्येक खेळांनी उचलली. १९९७ मध्ये जपानमध्ये जो गोल्फ गेम निघाला, त्याचे तर नावच 'सर्वांचा गोल्फ' अशा अर्थाचे होते. २००६ मध्ये निन्टेन्डोचे 'वी' हे यंत्र आले. त्यात हातात रिमोटसारखी कांडी धरून उभ्याने खरोखर हात फिरवावा लागे. त्याच्यासोबत आलेल्या 'वी स्पोर्ट्स'मध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, मुष्टियुद्ध आणि गोल्फ असे पाच खेळ होते. त्याच्या आठ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याच वळणाचा 'स्विच स्पोर्ट्स' २०२२ मध्ये आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यात गोल्फची भर पडली.

आता दुसरी बाजू. खऱ्या गोल्फमधून शरीराला जे मिळते ते मुख्यतः टोल्यातून मिळत नाही, चालण्यातून मिळते. अठरा होलचा डाव पायी पुरा करताना खेळाडूचे सात-आठ किलोमीटर सहज चालणे होते आणि चार तास मोकळ्या हवेत जातात. स्वीडनमध्ये तीन लाखांहून अधिक गोल्फपटूंच्या नोंदी तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच वयाच्या, त्याच आर्थिक स्तरातील इतर लोकांपेक्षा या खेळाडूंचे मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. हे सगळे श्रेय एकट्या गोल्फचे आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु नियमित चालण्याचा त्यात मोठा वाटा असावा, असे मानायला जागा आहे.

व्हिडिओ गेममध्ये नेमके हेच चालणे गाळलेले असते. टोला मारला की चेंडू उडतो आणि दुसऱ्या क्षणी आपण चेंडूपाशी हजर! चार तासांचा डाव काही मिनिटांत आटोपतो. उसाचा रस काढून घ्यावा आणि हाती चिपाड द्यावे, तसा हा प्रकार आहे. करमणूक म्हणून त्याला हरकत नाही. व्यायामाच्या खात्यात मात्र तो जमा धरू नये.

हात फिरवून खेळायच्या खेळांचे काय, असे कोणी विचारील. त्यावर संशोधन झाले आहे. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना असे बोलिंग, टेनिस व मुष्टियुद्ध खेळायला लावून त्यांची खर्च होणारी ऊर्जा मोजली. बसून खेळण्यापेक्षा ती जास्त होती, पण खऱ्या खेळापेक्षा बरीच कमी होती. त्यात गोल्फ नव्हता; परंतु गोल्फमध्ये टोला क्षणाचा आणि थांबणे मिनिटांचे, तेव्हा त्याचा हिशेब याहून वरचढ असण्याचे कारण नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे ९ ते १२ वर्षांच्या मुलांवर झालेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पालकांनी विशेष ध्यानात ठेवावा. काही मुलांना हालचालीचे गेम दिले, काहींना बसून खेळायचे दिले, आणि तेरा आठवडे त्यांच्या हालचाली यंत्राने मोजल्या. दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक पडला नाही. म्हणजे घरात 'हलणारा' गेम आणून ठेवला म्हणून मूल आपोआप जास्त हलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी. धावणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, खो-खो यांतून ती होते. पडद्यावरच्या गोल्फमधून होत नाही.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांची आहे. गोल्फच्या गेममध्ये निशाण चारशे यार्डांवर दिसते, पण मुलाची नजर असते हातभर अंतरावरच्या काचेवर. मोबाइल असेल तर वीतभरच! लहानपणी दिवसाउजेडी बाहेर काढलेला वेळ आणि लघुदृष्टी यांचा संबंध आता बराच स्पष्ट झाला आहे. म्हणजे लांबचे अंधूक दिसणे, फळ्यावरचे न वाचता येणे, चष्म्याचा उणे नंबर, हे सर्व त्यात येते. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्या शाळांतील सुमारे ३० टक्के मुलांना असा नंबर लागला होता. इतर शाळांत हे प्रमाण जवळजवळ ४० टक्के होते. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ उजेडात नेल्याने शंभरातील नऊ-दहा मुलांचा चष्मा त्या काळापुरता टळला. औषध नाही, खर्च नाही. एकदा लागलेला उणे नंबर वाढत्या वयात वाढत जातो, म्हणून ही संधी दवडण्यासारखी नाही.

तेव्हा खरा झगडा संध्याकाळच्या त्या एका तासाचा आहे. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुलाच्या वाट्याला ऊन आणि मोकळी हवा जेमतेम तास-दीड तास येते. तो तास पडद्यावरच्या हिरवळीवर गेला तर दारातली हिरवळ कोणासाठी?

काही पालक म्हणतील, हे बोलणे सोपे आहे. गावातली मैदाने बुजली, रस्त्यावर वाहने सुसाट, मुलीला एकटी बाहेर कशी पाठवावी? ही अडचण खरी आहे. तिचे उत्तर गेममध्ये नसून घरातील मोठ्या माणसाच्या पायांत आहे. आई, वडील, आजोबा, कोणीही एकाने मुलांना घेऊन तासभर बाहेर पडावे. चालणे मोठ्यांनाही हवेच आहे.

बसून तासन्‌तास बटणे दाबल्याने मान, मनगट व अंगठा दुखतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. हात फिरवण्याच्या खेळाचाही अतिरेक नडतो. स्पेनमधील २९ वर्षांच्या एका डॉक्टरने असा टेनिस तासन्‌तास खेळून स्वतःचा उजवा खांदा दुखवून घेतला आणि २००७ मध्ये तसे एका वैद्यकीय नियतकालिकाला कळवले. उपाय होता आठवडाभर गोळ्या आणि खेळ बंद!

आणखी एक सावधगिरी पैशाची. मोबाइलवरच्या काही गोल्फ गेममध्ये चांगली काठी किंवा चेंडू मिळवण्यासाठी 'बंद पेट्या' उघडायच्या असतात. आत काय निघेल ते आधी कळत नाही. पैसे भरले की पेटी लवकर उघडते. हा सोडतीचाच भाऊ आहे. मुलाच्या हाती दिलेल्या फोनवर पैसे भरण्याची सोय बंद ठेवावी.

घरात हा खेळ असेलच, तर पुढील पथ्ये पाळावीत.

१. उजेड असेपर्यंत मैदान, दिवेलागणीनंतर पडदा. झोपण्याआधीचा तास मात्र पडद्याविना जावा.

२. मोबाइलऐवजी दूरदर्शन संचावर, सहा-आठ फुटांवरून, दिवा लावून खेळावे.

३. एकट्याने खेळू नये. दोघे-तिघे असावेत, आणि त्यांत एक तरी मोठे माणूस असावे.

४. एक होल पुरा झाला की सर्वांनी अंगणात किंवा गच्चीवर दोन फेऱ्या माराव्यात. गेमने गाळलेले चालणे आपण परत घालावे.

५. कांडीचा पट्टा मनगटात अडकवावा, आसपास काचेचे सामान व लहान मूल नसावे.

६. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सगळे पडदे मिळून दिवसाला एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांहून कमी, अशी मर्यादा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवली आहे.

आणि एक सुचवावेसे वाटते. गोल्फ म्हणजे शेवटी काठीने चेंडू ढकलून खड्ड्यात घालणे. गोट्या आणि विटीदांडू खेळलेल्या आपल्या माणसांना त्यात नवे काय? अंगणात सहा-सात ठिकाणी वाट्या आडव्या ठेवाव्यात, एक जुनी काठी आणि रबरी चेंडू घ्यावा, आणि आजोबांना गुण मोजायला बसवावे. वाकणे, चालणे, नेम धरणे, हसणे, सगळे त्यात येते. वीज गेली तरी खेळ थांबत नाही.

पडद्यावरचा गोल्फ पावसाळी रविवारी जरूर खेळावा. पाऊस उघडला की मात्र यंत्र बंद करून मुलांच्या पायांत चपला घालाव्यात, आणि आपल्याही!