विश्लेषण : बदलायचे कोणी? स्वमग्न मुलाने की वर्गाने?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी राज्यांना विशेष शिक्षकांची पदे अधिसूचित करण्याचे आदेश दिले. मात्र हक्क कागदावरून वर्गात येण्यासाठी मोठ्यांची नजर बदलणे गरजेचे आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

हा आजार नाही. मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपण आहे. संवादाची पद्धत आणि आवाज, प्रकाश, स्पर्शाची जाणीव त्यामुळे निराळी असते. ‘स्वमग्न’ या शब्दामुळे अशा मुलांना इतरांशी देणेघेणे नसते, असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात नजर न मिळवणारे मूलही लक्ष देऊन ऐकत असू शकते.

हा हट्टीपणा असतो का?

अनेकदा नाही. घंटा, बाकांचा खरखराट आणि गलका एकाच वेळी असह्य झाला की मूल कान झाकते, किंचाळते किंवा पळते. ओरडल्याने त्रासात भरच पडते. हात हलवणे, झुलणे हे स्वतःला सावरण्याचे मार्ग असतात. इजा होत नसेल, तर ते रोखू नयेत.

वर्गात काय करता येईल?

दिवसाच्या कामांचा चित्रतक्ता लावावा. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि उत्तरासाठी थांबावे. ‘नीट वाग’ऐवजी ‘वही दप्तरात ठेव’ असे नेमके सांगावे. शांत कोपरा असावा, पण तो शिक्षेचा नसावा.

घरी काय?

पाहुणे, प्रवास, लग्नसमारंभ यांची कल्पना आधी द्यावी. नातेवाइकांना मिठी मारण्याची सक्ती नको. मुलासमोर त्याच्याविषयी तक्रारी करू नयेत. बोलत नसले तरी ते ऐकत असते. चित्रकार्ड किंवा टॅबमुळे बोलणे मागे पडते, ही भीती निराधार आहे.

कायदा काय सांगतो?

सरकारी अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेला दिव्यांगत्वामुळे प्रवेशात भेदभाव करता येत नाही. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे, तर त्यापुढे १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक अपेक्षित आहे. तरीही दिवसभर मुलासोबत असतात ते वर्गशिक्षकच. त्यांना प्रशिक्षण आणि मदतनीस मिळाले नाहीत, तर प्रवेश मिळूनही मूल वर्गाबाहेरच राहील.