रुक्मिणीची स्थिर दृष्टी

परवा रात्री श्याम बेनेगलांचा ‘निशांत’ पुन्हा एकवार पाहिला, आणि इतकी वर्षे ज्या शिक्षकाच्या अपहृत पत्नीच्या दुःखाने मन व्यापून जात असे तिच्यावरून दृष्टी ढळून, जमीनदाराच्या वाड्यातील अंधाऱ्या माजघरात उभ्या असलेल्या धाकट्या सुनेवर, स्मिता पाटीलच्या रुक्मिणीवर, ती अशी खिळली की चित्रपट संपल्यावरही मला झोप आली नाही.

हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसाला या चित्रपटातील १९४५ सालचा तेलंगण परका नाही. देशमुखांचा अंमल, वेठीची वहिवाट, फिर्याद घेऊन गेलेल्या रयतेला कचेरीच्या पायरीवरूनच परत धाडणारे अंमलदार, यांच्या हकिकती आमच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः भोगून मग आम्हांस सांगितल्या. बेनेगलही येथलेच, तिरुमलगिरीत जन्मलेले व निजाम कॉलेजात शिकलेले. पटकथा मात्र विजय तेंडुलकरांची. योग असा की, हैदराबादेत जन्मलेल्या शबाना आझमींच्या वाट्याला गावात नव्याने आलेल्या शिक्षकपत्नीची भूमिका आली, आणि पुण्याच्या मराठी मुलीच्या वाट्याला तेलंगणी वाड्याच्या सुनेची.

त्या मुलीचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, राजकारणातील मोठे नाव. मातोश्री विद्याताई समाजकार्यात निमग्न. आणि लहानपणापासून राष्ट्र सेवा दलाचा सहवास. अशा घरातील कन्येने चित्रपटाच्या वाटेस जावे हे कोणी योजले नव्हते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे तेथे ती मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी नेसून ती कॅमेऱ्यापुढे बसत असे, ही आठवण तिचे सुहृद आजही कौतुकाने सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या आसनाची शिस्त. वार्ता मृत्यूची असो वा अंदाजपत्रकाची, निवेदिकेने हातवारे करावयाचे नसतात, अश्रू ढाळावयाचे नसतात. मुद्रा स्थिर ठेवून, समोरच्या अदृश्य माणसाच्या डोळ्यांत पाहून, शब्दाला त्याचे वजन द्यावयाचे असते. नाट्यशिक्षणाच्या कोणत्याही संस्थेत न गेलेल्या स्मिताची खरी पाठशाळा हीच होती, असे माझे निश्चित मत आहे.

तिने काम केलेला अरुण खोपकरांचा ‘तीव्र मध्यम’ हा त्यांच्या विद्यार्थीदशेतील लघुपट १९७४ चा. पाठोपाठ बेनेगलांच्या ‘चरणदास चोर’मधील राजकन्या, आणि त्याच १९७५ साली ‘निशांत’. त्यातील रुक्मिणीला संवाद थोडे. नवरा दुर्बळ, दीर जुलमी, आणि पळवून आणलेली परस्त्री एकाच छताखाली. अशा स्थितीत मत्सर, लज्जा, आणि त्या स्त्रीविषयी हळूहळू जागी होणारी जाणीव, हे सारे विशीही न ओलांडलेल्या या मुलीने केवळ पाहण्यातून प्रकट केले आहे. आक्रोश करणे तिला अशक्य नव्हते. तो तिने आवरला, आणि म्हणूनच त्या वाड्यातील अन्याय मला आज अधिक जाचला.

पुढचे यश सर्वश्रुत आहे. १९७६ चा ‘मंथन’. मग हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेला ‘भूमिका’ आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’. १९८३ च्या ‘मंडी’त ती झीनत होऊन दखनी बोलीच्या मुलखात परत आली, तेव्हा तर आम्हांस घरचे माणूस माहेरी आल्यासारखे वाटले. १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुलाच्या जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत, ती गेली. वय ३१.

हैदराबादेतील मराठी संस्थांना माझी विनंती आहे की, येत्या १३ डिसेंबरला त्यांनी आपल्या सभागृहात ‘निशांत’ दाखवावा, आणि निजामी अंमलाच्या हकिकती ज्यांनी घरी ऐकल्या आहेत अशा वृद्धांना पहिल्या रांगेत बसवावे.