मलाजखंडच्या ढिगाऱ्यांत तांबं आहे, ते काढा

मा. केंद्रीय खाणमंत्री आणि हिंदुस्तान कॉपरचे अध्यक्ष यांस,


गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात हिंदुस्तान कॉपरची मलाजखंडची खाण १९८२ पासून चालू आहे. तिथल्या खनिजात तांबं शेकडा एकाच्या आसपास. उरलेला भुगा टेलिंग डॅममध्ये जातो आणि परवडत नाही तो कमी प्रतीचा दगड बाहेर साठत राहतो. याच दगडातून जिवाणूंकरवी तांबं काढण्याचे प्रयोग जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेने केले आहेत. आता ते काम खाणीवर आणा, ही माझी मागणी आहे.

अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू लोह आणि गंधकावर जगतो. त्याने तयार केलेलं फेरिक लोह दगडातलं सल्फाइड (धातू आणि गंधकाचं खनिज) फोडतं आणि तांबं आम्लात उतरतं. सल्फाइडच्या उघड्या ढिगाऱ्यावर पाऊस पडला, हवा खेळली की हे आपोआपच सुरू होतं. मग ओघळाच्या तळाशी नारिंगी गाळ बसतो आणि धातू नाल्याला लागतो. ढिगाऱ्याखाली अस्तर घालून तेच पाणी गोळा केलं, तर त्यातून तांबं मिळतं आणि पाणी पुन्हा ढिगाऱ्यावर सोडता येतं.

युगांडात हे झालं आहे. किलेम्बेच्या तांब्याच्या खाणीचा पायराइट कासेसेला पडून होता, त्यातलं आम्ल जवळच्या राष्ट्रीय उद्यानाकडे झिरपत होतं. १९९९ पासून हवा खेळवलेल्या टाक्यांत जिवाणूंकडून त्यातला कोबाल्ट काढला गेला.

घाई मात्र नको. मलाजखंडचं तांबं मुख्यतः चाल्कोपायराइट या सल्फाइड खनिजात आहे. त्याच्या कणांवर थर धरतो आणि काम रेंगाळतं, तेव्हा वर्षभरात नफा मागू नका. फिनलंडच्या तालविवारा खाणीतही जिवाणूंकडूनच निकेल काढत. २०१२ मध्ये तिथला जिप्समचा तलाव फुटला आणि धातूमिश्रित पाणी नदी-तळ्यांत गेलं. जिवाणूंनी काही बिघडवलं नव्हतं, पाण्याचं नियोजन चुकलं होतं. मलाजखंडला तशी चूक परवडणार नाही: खाणीभोवती गोंड आणि बैगा आदिवासींच्या वस्त्या आहेत, कान्हाचं जंगलही दूर नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज अभियानात टाकाऊ ढिगाऱ्यांतून खनिजं मिळवण्याला जागा आहे, आणि तांबं सरकारच्या अत्यावश्यक खनिजांच्या यादीत आहेच. तेव्हा एक ढिगारा निवडा. त्याखाली अस्तर घाला. खालच्या अंगाच्या विहिरींचं पाणी कामाआधी तपासा, नंतर दर महिन्याला तपासा, आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. काम थांबवायचं की नाही, हे ठरवताना त्या गावांनाही बैठकीत बसवा.

आपला,
गोंदियाचा एक रहिवासी